वाचकांचे प्रश्न : १७७६ पूर्वीची अमेरिका

प्रश्न : मी अमेरिकेतील एका महाविद्यालयात शिकते. माझा मुख्य विषय वेगळा असला तरी पदवीसाठी अमेरिकेच्या इतिहासाचा, आरंभापासून १८७७ पर्यंतचा, अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. सनावळ्या मला पाठ आहेत. तरीही निबंधावर ‘घटना सांगितल्या आहेत, युक्तिवाद नाही’ असाच शेरा येतो. शिवाय स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापर्यंत पोहोचेतो जवळजवळ अर्धे सत्र संपले. वसाहतींवर एवढा वेळ का दिला जातो, आणि हा विषय अभ्यासावा तरी कसा?

उत्तर : व्हर्जिनियातील जेम्सटाउन ही अमेरिकेतील इंग्रजांची पहिली टिकलेली वसाहत १६०७ मध्ये स्थापन झाली आणि जाहीरनामा १७७६ चा आहे. या दोहोंमधील अंतर १६९ वर्षांचे; तेवढीच वर्षे १७७६ पासून पुढे मोजली तर आपण १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस येतो. एवढ्या काळाला क्रांतीची प्रस्तावना समजून तो घाईने उरकणे, हेच बहुतेक विद्यार्थ्यांचे चुकते. त्या काळातील माणसांना पुढे काय होणार आहे हे ठाऊक नव्हते. वसाहतींतील छापील कागदांवर कर लादणारा ब्रिटिश संसदेचा स्टॅम्प कायदा १७६६ मध्ये रद्द झाला, तेव्हा न्यूयॉर्कच्या रहिवाशांनी कृतज्ञतेपोटी राजा तिसरा जॉर्ज याचा पुतळा उभारण्याचे ठरवले. तो १७७० मध्ये उभा राहिला आणि ९ जुलै १७७६ रोजी पाडण्यात आला, त्याच्या शिशाच्या पुढे बंदुकीच्या गोळ्या झाल्या. सहा वर्षांत एवढे काय बदलले, हा निबंधाचा प्रश्न होऊ शकतो. पुतळा कोणत्या दिवशी पडला, हा होऊ शकत नाही.

युक्तिवाद कुठे सापडतो, हे व्हर्जिनियाच्या उदाहरणावरून पाहा. तेथील वसाहत लंडनच्या भागधारकांच्या एका कंपनीने नफ्यासाठी वसवली. सोने सापडले नाही. तंबाखू मात्र पिकली आणि विकली गेली. तंबाखू जमिनीचा कस लवकर शोषून घेते आणि तिला हात पुष्कळ लागतात, त्यामुळे जमीन आणि मजूर या दोहोंची भूक कायमची लागली. जमीन मूळ रहिवाशांकडून बळकावली गेली. मजूर आणणाऱ्याला माणशी ५० एकर देण्याची पद्धत होती, आणि आलेल्यांपैकी बहुतेक जण इंग्लंडमधील गरीब लोक होते, जे प्रवासखर्चाच्या बदल्यात काही वर्षे राबण्याचा करार करून येत. आफ्रिकी लोकांना १६१९ मध्ये तेथे आणण्यात आले, पण पूर्ण अर्थाने वंशाधारित गुलामगिरी कायद्यात टप्प्याटप्प्याने आली : अपत्याचा दर्जा आईवरून ठरेल असा कायदा १६६२ चा आहे, आणि विखुरलेले नियम एकत्र करणारी संहिता १७०५ ची.

या दोहोंच्या मध्ये, १६७६ मध्ये, बेकनचे बंड झाले; नॅथॅनियल बेकन या मळेवाल्याने ते व्हर्जिनियाच्या गव्हर्नरविरुद्ध पुकारले होते. त्यात करारबद्ध गोरे मजूर आणि गुलाम कृष्णवर्णीय एकत्र लढले आणि जेम्सटाउन जाळले गेले. या बंडाला घाबरूनच मळेवाले गुलामगिरीकडे वळले, असे काही इतिहासकार म्हणतात. इंग्लंडमधून येणाऱ्या मजुरांचा ओघ आटत होता, म्हणून हा बदल बंड झाले नसते तरी झाला असता, असे इतर म्हणतात. आपल्याला यांपैकी कोणते कारण अधिक वजनदार वाटते आणि ते कोणत्या कागदपत्राच्या आधारे, हे पहिल्याच परिच्छेदात सांगितले की निबंधात युक्तिवाद आला. सनावळ्या मग त्याच्या सेवेला आपोआप येतात.

मूळ कागदपत्रे मात्र पूर्ण वाचावीत. जाहीरनाम्याचा दुसरा परिच्छेद सगळ्यांना तोंडपाठ असतो, राजाविरुद्धच्या तक्रारींची लांबलचक यादी फारसे कोणी वाचत नाही. खरे तर अभ्यासकाला तीच अधिक उपयोगाची. यादीतील शेवटची तक्रार अशी की राजाने वसाहतींत अंतर्गत उठावांना चिथावणी दिली. तिचा रोख व्हर्जिनियाचे गव्हर्नर लॉर्ड डनमोर यांच्या नोव्हेंबर १७७५ च्या घोषणेकडे होता. बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या बाजूने शस्त्र धरतील त्यांना तिने स्वातंत्र्य देऊ केले होते. ज्या दस्तऐवजात सर्व माणसे समान निर्माण झाली असे म्हटले आहे, त्यातच ही तक्रारही आहे. हा विरोध झाकू नये किंवा त्यावर नुसता संतापही व्यक्त करू नये. तो कोणाच्या हितसंबंधांतून आला, हे विचारावे.

प्रश्न : वॉशिंग्टन यांची जन्मतारीख एका पुस्तकात ११ फेब्रुवारी १७३१, तर दुसऱ्यात २२ फेब्रुवारी १७३२ दिली आहे. खरी कोणती?

उत्तर : दोन्ही. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींत १७५२ पर्यंत ज्युलियन, म्हणजे आजच्या दिनदर्शिकेच्या काही दिवस मागे चालणारी जुनी दिनदर्शिका चालू होती, आणि इंग्लंड व वसाहतींत वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली, आणि नववर्ष १ जानेवारीवर गेले. म्हणून अकरा दिवसांचा आणि एका वर्षाचा फरक पडतो. जानेवारी ते मार्चमधील जुन्या पत्रांवर १७३१/३२ असे दुहेरी वर्षही आढळते. उतारा देताना कागदावर आहे तीच तारीख लिहावी आणि ती जुन्या गणनेची असल्याचे तळटिपेत नोंदवावे.