केस गळालेलं कातडं आणि मधली पांढरी रेघ

प्रश्न : बोकडाचं कातडं मीठ लावून लगेच उन्हात टाकलं. कडक वाळलं, पण भिजवल्यावर केस पुंजक्यांनी निघाले, वासही सुटला. केसांसकट आसन करायचं होतं.
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : उन्हात वरचा थर पापडासारखा कडक होतो आणि ओल आत कोंडते. तिथे सडणं चालूच राहतं, केसांची मुळं सुटतात. एकदा केस सुटले की ते परत धरत नाहीत. या कातड्याचे केस काढून चामडं कमवा. तेही हाताला गिळगिळीत लागत असेल तर सोडून द्या.

पुढच्या वेळी सोलल्यापासून दोन तासांच्या आत मीठ लागलं पाहिजे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर त्याहूनही आधी. गरम कातडं घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका. सावलीत पसरून निववा, चरबी आणि मांसाचे तुकडे खरवडून काढा. चरबीतून मीठ आत जात नाही. दोन किलो कातड्याला एक किलो मीठ, मांसाच्या बाजूने चोळून. मान, पाय आणि कडेच्या वळकट्या हाताने उलगडून भरा, कारण सडायला सुरुवात तिथूनच होते. पाणी निथळावं म्हणून फळी तिरकी ठेवा. दुसऱ्या दिवशी ओलं मीठ झटकून पाव किलो नवं लावा, मग वाऱ्यावर सावलीत वाळवा. झटकलेलं मीठ पुन्हा वापरलं तर लाल डाग पडतात.

केसांसकट कमवायला चार लिटर पाण्यात अर्धा किलो तुरटी विरघळवा. दुसऱ्या भांड्यात दोन लिटर पाण्यात पाव किलो मीठ आणि १२० ग्रॅम धुण्याचा सोडा. सोड्याचं पाणी तुरटीत हळूहळू ओता. फेस येतो, म्हणून भांडं मोठं घ्या. धुतलेलं कातडं तीन-चार दिवस त्यात ठेवा, रोज हलवा. अर्धवट वाळलं की मांसाच्या बाजूला तेल चोळून ताणत राहा. हे आसन मात्र धुवायचं नाही, पाण्यात तुरटी निघून जाते.

प्रश्न : केस काढून कातडं बाभळीच्या सालीत महिनाभर ठेवलं. कापल्यावर मधोमध पांढरी रेघ दिसते, वर काळे डाग आहेत.
– एक वाचक, अकोला जिल्हा

उत्तर : ती पांढरी रेघ कच्ची आहे. पहिल्याच दिवशी घट्ट अर्क दिला की वरचा थर आवळतो, मग आत काही शिरत नाही. धुऱ्यावरच्या बाभळीची साल वाळवून कुटा, एक किलोला दहा लिटर पाणी घालून रात्रभर ठेवा. पहिले तीन दिवस या अर्काच्या एका भागाला तीन भाग पाणी, पुढे निम्मं-निम्मं, मग निखळ अर्क. पहिल्या दिवशी दर तासाला हलवा. साधारण तीन आठवडे लागतात. दिवस मोजण्यापेक्षा जाड मानेचा तुकडा कापून पाहा. अर्क थंडच हवा, गरम पाण्यात कातडं आकसतं.

केस काढायला लावलेला चुना आत राहिला असेल तरी डाग पडतात आणि चामडं ठिसूळ होतं. गव्हाचा कोंडा कोमट पाण्यात आंबवून त्यात रात्रभर ठेवा, पण फार वेळ नको, पृष्ठभागाला खड्डे पडतात. मग कापलेल्या कडेला हळदीचं पाणी लावा. हळद लालसर झाली तर चुना बाकी आहे, पिवळीच राहिली तर साल लावायला हरकत नाही. काळ्या डागांचं दुसरं कारण लोखंड : साल आणि लोखंड भेटलं की काळं पडतं. लोखंडी टिपाड, घमेलं, खिळे टाळा. प्लास्टिक किंवा मातीचं भांडं घ्या.

प्रश्न : अचानक मेलेल्या शेळीचं कातडं काढावं का?
– एक वाचक, गोंदिया जिल्हा

उत्तर : नाही. नाकातून, गुदद्वारातून न गोठणारं रक्त आलेलं असेल तर ती काळपुळी असू शकते. शव कापू नका, हातही लावू नका, कुत्र्यांना जवळ येऊ देऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा आणि ते सांगतील तसं खोल पुरा. या रोगाचे जंतू मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि हा रोग माणसालाही होतो. मिठाने हे जंतू मरत नाहीत.