तिघांनी मिळून बसवलं, दुरुस्ती कुणाची?

प्रश्न: सर, सरकार, कंपनी आणि संस्था एकत्र आले की गावातलं काम टिकतं असं प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकतोय. मी चार वर्षं एका संस्थेत आहे. दोन योजना अशा बघितल्या की उद्घाटनाच्या फोटोत तिघंही आणि बंद पडल्यावर तिघंही गायब. ही भागीदारीच फसवी आहे की आमचंच काही चुकतंय?

उत्तर: भागीदारी फसवी नाही हो, पण बहुतेक ठिकाणी ती पैसा कोण टाकणार एवढ्यावरच ठरते आणि तिथेच घोळ होतो. हापशाची गोष्ट सांगतो, जरा लांबेल, पण तुमचं उत्तर त्यातच आहे.

1966-67 च्या बिहारच्या दुष्काळानंतर युनिसेफनं कडक खडकात बोअर घेणारी मशीनं आणली, बोअर झाले भरपूर, पण वर बसवलेले बिडाचे हापसे होते एका घराच्या वापराचे आणि त्यावर अख्खं गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत हापसणार म्हटल्यावर ते मोडणारच, मोडलेही. आता हे सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात आलं, तर जालना आणि सोलापूर भागात बोअरची कामं करणाऱ्या ख्रिस्ती मिशनवाल्यांच्या, कारण मोडका हापसा त्यांना रोज दिसत होता. त्यांनीच मजबूत पोलादी हापसे बनवायला घेतले, तेच जालना पंप आणि सोलापूर पंप. त्या अनुभवातून 1970 च्या दशकात इंडिया मार्क टू हा हापसा तयार झाला, त्यात युनिसेफ होती, केंद्र सरकार होतं, मद्रासची मेराडो ही संशोधन संस्था होती आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही त्या वेळी सरकारी मालकीची असलेली कंपनी होती. खाजगी कारखाने नंतर आले, आणि मुद्दा इथेच आहे, डिझाइनवर पेटंट घेतलं नाही, ते सगळ्यांना खुलं ठेवलं, त्याचं भारतीय मानक ठरलं आयएस 9301, म्हणून ज्याला बनवायचाय त्यानं बनवा पण माप तेच. म्हणजे एका कारखान्याचा पार्ट दुसऱ्याच्या हापशाला बसला पाहिजे. खाजगी क्षेत्राचा खरा उपयोग मला तरी इथे दिसतो, देणगीचा चेक आणि बोर्डावरचा लोगो यापेक्षा कितीतरी जास्त.

तरी एक घोळ राहिलाच. हापशातलं सगळ्यात जास्त झिजणारं काय, तर खाली सिलेंडरमधला वायसर, सुरुवातीला चामड्याचा असायचा. वस्तू तळहातावर मावेल एवढी, पण मार्क टूमध्ये ती बदलायची तर वरचा सांगाडा काढा, मग सगळा पाईप एकेक करून वर ओढा, प्रत्येक जोड पान्यानं सोडवा, आणि हे करायला अवजारं आणि गाडी घेऊन टीमच यायला लागते. तामिळनाडूत त्यासाठी तीन पातळ्या केल्या होत्या, गावात लक्ष ठेवणारा माणूस, ब्लॉकला मेकॅनिक आणि जिल्ह्याला फिरती टीम. कागदावर झकास, पण गाडी येईपर्यंत बायकांनी पाणी कुठून आणायचं? मग 1980 च्या दशकात कोइमतूर भागात चाचण्या घेऊन मार्क थ्री आला, त्यात पाईप 65 मिलिमीटरचा केला, त्यामुळे पाईप जागेवर ठेवून आतला दट्ट्या रॉडसकट वर खेचता येतो आणि वायसर गावातल्या गावात बदलता येतो. पाईप जड आणि महाग झाला हे खरं, फुकट काहीच मिळत नाही.

पण 'दुरुस्ती गावानेच करायची' हे सूत्र नंतर सरकारी यंत्रणांना फारच आवडलं, कारण त्यात हात झटकायची सोय आहे. समिती नेमली, दोन माणसांना ट्रेनिंग दिलं, पाना हातात दिला, झालं आमचं काम. वायसर कुठे मिळणार, पाईपच सडला तर कोण बघणार, याचा पत्ता नाही. वायसर बदलणं गावानं करावं हे ठीक, पण खचलेला बोअर गावानं कसा दुरुस्त करायचा?

म्हणून पुढच्या वेळी करार हातात आला की पहिल्या पानावरची उद्दिष्टं वाचत बसू नका, फक्त एक विचारा, बसवल्यानंतर तिसऱ्या वर्षी हे बंद पडलं तर फोन कुणाला करायचा, तो माणूस कुणाच्या पगारावर असेल, पार्ट कुठल्या दुकानात मिळेल. तिघांपैकी एकाचंही उत्तर 'ते बघू नंतर' असं आलं तर सही थांबवा. वाईटपणा येईल, येऊ दे.

प्रश्न: कंपनीनं सीएसआरमधून, म्हणजे कायद्यानं समाजकामावर करायच्या खर्चातून, आमच्या गावात पाण्याचं युनिट बसवलं, आता म्हणतात आमचा प्रोजेक्ट संपला. युनिट कंपनीचं ना? मग त्यांनीच चालवायला नको का?

उत्तर: कंपनीचं नसतं. 2021 च्या सीएसआर नियमांनुसार त्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःकडे ठेवताच येत नाही, ती सेवाभावी नोंदणीकृत संस्थेकडे, बचत गटासारख्या लाभार्थ्यांच्या गटाकडे किंवा सरकारी यंत्रणेकडे असावी लागते. आणि अनेक वर्षं चालणारा प्रोजेक्टसुद्धा सुरू झालेलं वर्ष सोडून जास्तीत जास्त 3 वर्षांचाच धरतात. म्हणजे ते जाणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलंच होतं, तुम्हाला सांगितलं नसेल तर ती चूक त्यांची. आता हस्तांतराचा कागद मागून घ्या, त्यावर ग्रामपंचायतीचं नाव असेल तर ग्रामसभेत विषय घ्या आणि देखभालीचा खर्च बजेटमध्ये धरायला लावा. संस्थेचं नाव असेल तर आधी तिला गाठा. आणि कागदच नसेल, असं होतं बरं का, तर कंपनीला लेखी पत्र देऊन विचारा की मालमत्ता कुणाच्या नावावर दाखवली आहे, कारण कुठेतरी दाखवावी तर लागतेच.