१४ ते १७ वयाच्या स्काउट मुलांना परदेशी न्यायचंय, पण नुसतं स्थळदर्शन नको. कुठे न्यावं?

नेपाळला न्या, आणि सगळे दिवस काठमांडूच्या खोऱ्यातच काढा. पोखरा, चितवन यांचा मोह टाळा, नाहीतर निम्मी सहल बसमध्ये जाते.

मुक्काम शक्यतो खोऱ्यातल्याच भक्तपूर या जुन्या शहरात करा. सकाळी दुकानं उघडायच्या आत चौकात गेलात की नेवार, म्हणजे खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांचं रोजचं जगणं दिसतं: पूजेची ताटं घेऊन निघालेल्या बायका, कुंभारांच्या चौकात वाळत घातलेली मडकी. मुलांना चाकावर बसू द्या, हात मातीत जाऊ द्या. १७०२ साली बांधलेलं पाच मजली न्यातपोल मंदिर १९३४ आणि २०१५ अशा दोन्ही भूकंपांतून उभं राहिलं. ते कसं, हे मुलांनाच शोधायला सांगा. तिथलं मातीच्या भांड्यातलं जुजु धौ, म्हणजे दही, चुकवू नका.

खोऱ्यातल्याच पाटण शहरातलं संग्रहालय बघा, आणि संध्याकाळी बौद्धनाथ स्तूपाची प्रदक्षिणा करा. पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात फक्त हिंदूंना प्रवेश आहे. पथकात इतर धर्मांची मुलं असतील तर सगळ्यांनी मिळून बागमती नदीच्या पलीकडच्या काठावरून दर्शन घ्यावं. कुणालाही बाहेर ताटकळत ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती.

भारत स्काउट्स आणि गाइड्सच्या मार्फत नेपाळ स्काउट्सशी आधीच पत्रव्यवहार करा. तिथल्या मुलांसोबत एक शेकोटी झालीच पाहिजे.

व्हिसा लागत नाही. १५ ते १८ वयाच्या ज्या मुलांकडे पासपोर्ट नाही, त्यांना मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळखपत्र लागतं. ते महिनाभर आधीच करून घ्या.