हेका सगळा कळता, पण बोलना नाय

मालवण-देवगडच्या पट्ट्यात लहान मुलांचं काम करताना हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की पालक खुर्चीत टेकायच्या आधीच ते येणार हे मला कळतं. दोन-अडीच वर्षांचं मूल, पळतं, खोड्या काढतं, मोबाईल स्वतःचा स्वतः उघडतं. शब्द मात्र चार-पाच. त्यामागोमाग घरातल्या कुणाची तरी पुस्ती, "तेचो बापूस पण उशिरा बोललो." तोवर वेखंड उगाळून चाटवून झालेलं असतं, जिभेखालचा दोर कापायचा का याची चौकशी झालेली असते, एखाद्या घरात नवसही.

त्यातल्याच एका घराबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मुलाला चिन्मय म्हणू. वय सव्वादोन. वडील ट्रॉलरवर, आई कोल्हापूरकडची, घरात आजी, आजोबा आणि लग्न न झालेली आत्या. एका पोराभोवती पाच मोठी माणसं.

आईचा पहिला प्रश्न होता, "आमचं काय चुकलं?" मी उलट विचारलं, "कान तपासलेत?"

"हाक मारली की बघतो की!"

हाकेला बघणं पुरेसं नसतं. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं असेल तर आवाज पोचतो, पण बोथट होऊन. शब्दांतले बारीक ध्वनी निसटतात. पावसाळाभर नाक वाहणारी मुलं आपल्याकडे थोडी नाहीत. म्हणून उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी मी आधी करून आणायला लावते. गरज वाटली तर डॉक्टर 'बेरा' सांगतात, त्यात मूल झोपेत असतानाही कान तपासता येतो. चिन्मयचे कान चांगले निघाले. तो नजरेला नजर देत होता, हवं ते बोटाने दाखवत होता, 'चेंडू आण' म्हटलं की आणत होता. मला हायसं वाटलं.

मग मी नुसती बघत बसले. आई म्हणत होती, "बोल बाळा, ॲपल. मॅडमना बोलून दाखव." त्याने तोंड फिरवलं. थोड्या वेळाने तो बाटलीकडे वळला, तर त्याने 'अं' करायच्या आत आत्याने झाकण उघडून बाटली तोंडाला लावलीही. जिथे बोलायचं काही कारण नव्हतं तिथे त्याला बोलायचा आग्रह होत होता, आणि खरं कारण होतं तिथे त्याला कुणी जागाच ठेवत नव्हतं.

"फ्लॅशकार्डं कुठली आणू?" आईने विचारलं.

"काही आणू नका. बाटली देण्याआधी थांबा. त्याच्यासमोर बसून, त्याच्याकडे बघत, मनात दहा आकडे मोजा."

"आणि रडला तर?"

"रडायच्या आत द्या. परीक्षा घ्यायची नाहीये, त्याची पाळी येऊ द्यायचीये."

माझा कल इथे दिसणारच, तर सांगून टाकते. जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने आई-मुलांचे बुवा-कुकसारखे साधे खेळ बारकाईने पाहिले आणि भाषेची मुळं त्या आळीपाळीत असल्याचं मांडलं. मी त्या मताची. शब्द पाठ करून घेणाऱ्या वर्गांवर माझा फारसा विश्वास नाही.

आजी मात्र गप्प होत्या. कारण नंतर कळलं. मुलाला इंग्रजी माध्यमात घालायचं होतं आणि मालवणीमुळे तो गोंधळतो असं कुणीतरी सुनेला सांगितलं होतं. त्यामुळे नातवाशी बोलताना आजी अडखळायच्या, शेवटी बोलेनाशाच झाल्या. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मूल बोलायला मागे पडत नाही. ज्याला जी भाषा सहज येते, त्याने त्याच भाषेत मुलाशी बोलावं. मी म्हटलं, "आजी, तुम्ही मालवणीतच बोला." त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बोला आई."

पुढचं काम मासेमारी बंदीत झालं. १ जून ते ३१ जुलै वडील घरी होते. आजी खारो बांगडो भाजायला घेत की मागीलदारी मांजर हजर. आजी रोज म्हणायच्या, "मांजर इला. मांजराक काय होया?" आणि 'बांगडो' हे उत्तरही आपणच देऊन टाकायच्या. मी त्यांना एवढंच सांगितलं, की प्रश्न तोच ठेवा, उत्तर गिळा. बरेच दिवस काही घडलं नाही. चिन्मय मांजराकडे बघायचा, आजीकडे बघायचा, हसायचा. आत्याला धीर धरवेना.

एका दुपारी वडिलांचा फोन आला, "मॅडम, बांगो म्हटल्यान!"

लगेच पुढचं वाक्य, "पण चुकीचा म्हणता. सुधारूया काय?" मी नको म्हटलं. "'बांगो नाय, बांगडो बोल' असं करू नका. तुम्ही फक्त म्हणा, 'होय, बांगडो! मोठो बांगडो!'" मुलाचा शब्द नीट करून परत द्यायचा आणि त्याला एक शब्द जोडायचा. म्हणून दाखव असा हट्ट नाही. ऑगस्टमध्ये बाप समुद्रावर परतला तोवर पोरगं "बांगो दी" म्हणत होतं. दोन शब्द त्याने स्वतः जोडले होते, तेही मांजराच्या वतीने! मला त्या "दी"चा आनंद "बांगो"पेक्षा जास्त झाला. नाव सांगता येणं ठीकच, पण शब्दाने दुसऱ्याकडून काम करून घेता येतं हे त्याला उमगलं होतं. सगळ्यात कमी शिकलेल्या माणसाने हे साधलं, कारण आजींकडे वेळ होता आणि रोजचा तोच प्रसंग होता.

मोबाईलचं विचाराल तर, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांत एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाहून जास्त नको, असं आहे. सगळं खापर मोबाईलवर फोडू नये, पण तो उत्तरासाठी थांबत नाही. या घरात जेवताना तो बंद झाला, तेवढं पुरलं. जिभेच्या दोराने काही उच्चार अडू शकतात, समज किंवा पहिले शब्द नाही. वेखंडाने बोलणं येत नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर अजिबात चाटवू नका.

'बापूस उशिरा बोललो' यात तथ्य असू शकतं. बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात. पण कुठलं येईल हे आधी ओळखता येत नाही, म्हणून वाट बघत बसू नये. वर्षाचं मूल बडबडत नसेल, बोट दाखवत नसेल, सोळा महिन्यांत एकही शब्द नसेल, दोन वर्षांत स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल तर दाखवा. आलेले शब्द गेले तर कुठल्याही वयात, लगेच. मी समुपदेशक आहे, वाचा-उपचारतज्ज्ञ नाही. चिन्मयलाही उच्चारांसाठी मी पुढे तिकडे पाठवलं. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत मुलं तपासतात. आपल्या सेविकेला पुढची तारीख विचारून ठेवा.

तपासणीला जाताना मुलाच्या शब्दांची यादी न्या. दोन वर्षांच्या सुमारास ५०च्या आसपास शब्द अपेक्षित असतात. मोजताना मालवणी, मराठी, इंग्रजी सगळे धरा. 'भू-भू'ही धरा, अर्धवट 'बांगो'ही धरा. नुसतं 'थोडंफार बोलतो' सांगितलंत तर डॉक्टरांना त्यावरून फारसं काही ठरवता येत नाही.