आधी फोटो उलटा कर

प्रिय बाळ,

आजोबांचा फोटो मिळाला. घरचे म्हणतात, हा १९२० च्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळचा, नागपूर स्टेशनसमोरचा. आणि आता तुला सगळंच खोटं वाटायला लागलंय. खोटं कुणीच बोलत नाहीये बाप्पा! मागे दिसते ती स्टेशनची आजची दगडी इमारत. तिचं उद्घाटन १५ जानेवारी १९२५ चं, अधिवेशन डिसेंबर १९२० मधलं. म्हणजे फोटो तेव्हाचा नाही, एवढंच ठरलं. आजोबा अधिवेशनाला गेलेच नव्हते, असं कुठे ठरलं? फोटोची नोंद वेगळी, गोष्टीची वेगळी. आणि दोन्हींखाली लिही: कुणी सांगितलं, कधी सांगितलं.

तू पाठवलीस ती व्हॉट्सॲपवर फिरून आलेली प्रत. कडा कापलेल्या, पाटीवरची अक्षरं विरघळलेली, मागची बाजू तर नाहीच. मूळ प्रत आत्याकडे फ्रेममध्ये आहे ना? फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नकोस. चित्राचा थर काचेवर राहतो आणि हातात नुसता कागद येतो. तसाच काचेवरून स्कॅन कर. सुटा निघाला तर ६०० डीपीआय (म्हणजे स्कॅनची बारकाई, दर इंचाला किती ठिपके), अगदी लहान असेल तर १२००, टिफ फाइलमध्ये. फोटो काळापांढरा असला तरी स्कॅन रंगीतच हवा, कारण पिवळेपणा आणि शाईचा रंगही काहीतरी सांगतात. मग मागची बाजू. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीतला आकडा, जुन्या पुठ्ठ्याचा तुकडा, काही सोडायचं नाही. मागे बॉलपेनने लिहिलंस तर मात्र माझ्याशी गाठ आहे.

काळ ठरवताना एक लक्षात ठेव. नागपुरातल्या सिव्हिल लाइन्सच्या फोटोत हायकोर्टाची पुरी झालेली इमारत दिसली, तर फोटो १९४० च्या आधीचा असणं कठीण. दिसली नाही, तर काहीच ठरत नाही. कॅमेऱ्याचं तोंड दुसरीकडे असेल.

म्हाताऱ्या माणसांना 'हे १९२० चंच ना?' असं विचारलंस की ती हो म्हणणारच. मोठी प्रिंट समोर ठेव, 'इथून डावीकडे वळलं की काय लागायचं?' असं विचार आणि गप्प बस. गांधीसागर म्हणून कुणी ओळखलं नाही तर जुन्या नावाने जुम्मा तलाव म्हण; गांधी गेटला जुम्मा दरवाजा. त्यांचं 'म्हणे' तुझ्या वहीत 'होतं' होऊ देऊ नकोस. आणि पुन्हा तेच: कुणी सांगितलं, कधी सांगितलं. लोक मला याच हट्टापायी किरकिऱ्या म्हणतात. म्हणोत. नावगाव नसलेले जुन्या नागपूरचे फोटो ढिगाने फिरतात, त्यांची तारीख छातीठोकपणे सांगणं कठीण.

महाल भागात आत्याकडे जाशील तेव्हा फोटो तिच्या हाती कुणी दिला, ते आधी विचार. स्कॅन ईमेलने पाठव, दोन्ही बाजूंचे.