रॉटरडॅमला उतरलेली द्राक्षं पुढे ट्रकनेच का?

प्रश्न : आमची द्राक्षं न्हावाशेव्याहून रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरने नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदराला जातात. तिथून पुढे पोलंडपर्यंत ट्रकनेच, असं निर्यातदार सांगतो. युरोपात रेल्वेचं एवढं जाळं, मग ट्रक का? तिथलं सरकार काही करत नाही का?
– एक बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : करतं की! कागदावर तर पुष्कळच. तिथल्या मालवाहतुकीतला रेल्वेचा वाटा १९७० मध्ये २१ टक्के होता, १९९८ पर्यंत तो ८ टक्क्यांवर आला. म्हणून युरोपीय संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाने २००१ साली श्वेतपत्रिका काढून ही घसरण थांबवायचं ठरवलं. पण २००४ मध्ये दहा नवे देश संघात आले, सीमेवरचे कस्टमचे सोपस्कार गेले आणि त्याचा खरा फायदा उठवला ट्रकवाल्यांनी. आज युरोपातल्या आंतरराष्ट्रीय ट्रक वाहतुकीत पोलंड सर्वांत पुढे आहे.

मालगाडीला मात्र सीमा अजून अडवते. माझी नोकरी नाशिकरोडच्या मालधक्क्यावर गेली. इगतपुरीला डीसीचं इंजिन काढून एसीचं जोडायचे, त्यात किती खोळंबा व्हायचा ते आम्हाला विचारा. तिकडे हाच प्रकार देशागणिक. जर्मनीत तारेत १५ हजार व्होल्ट एसी, पोलंडमध्ये ३ हजार डीसी. सगळीकडे चालणारी इंजिनं मिळतात, पण महाग. सिग्नल वेगळे. शिवाय ड्रायव्हरला त्या-त्या देशाची भाषा यावी लागते. ट्रकवाल्याला कोण विचारतो? बाल्टिक देशांत तर दोन रुळांमधलं अंतरच जास्त, १५२० मिलिमीटर. बाकी बहुतेक युरोपात १४३५.

रॉटरडॅमहून जर्मन हद्दीपर्यंत खास मालगाड्यांसाठी १६० किलोमीटरची लाइन २००७ मध्ये सुरू झाली. पलीकडे तिला जोडून, आधीच्या दोन लाइनींशेजारी जर्मनीने टाकायची तिसरी लाइन मात्र वर्षानुवर्षं रखडली.

जमवलं ते स्वित्झर्लंडने, आणि तो संघात नाही! १९९४ च्या जनमतात लोकांनीच कौल दिला, की आल्प्स ओलांडणारा परका माल रुळावरून जावा. २००१ पासून ट्रकला वजन, अंतर आणि धूर पाहून कर बसला, २०१६ मध्ये आल्प्सखालून जाणारा गॉटहार्डचा ५७ किलोमीटरचा रेल्वे बोगदा खुला झाला. तिथे आल्प्सपार जाणारा सुमारे ७० टक्के माल रेल्वेने जातो. माझ्या मते ट्रकच्या खिशाला चाट बसल्याशिवाय माल रुळावर येत नाही, मग श्वेतपत्रिका कितीही काढा.

तुमच्या मालाचं म्हणाल, तर सुपरमार्केटची कोठारं सहसा रुळालगत नसतात आणि दोन कंटेनरसाठी कोणी गाडी सोडत नाही. यंदाचा हिशेब ट्रकभाडं धरूनच करा.