अक्षरांतून विश्व झालं असेल, तर माणसाचं काम काय? आणि छापील मेझुझा का चालत नाही?

तुमचा प्रश्न असा: कब्बालात, म्हणजे ज्यू गूढविद्येत, हिब्रू अक्षरांतून विश्व निर्माण झालं असं मानतात, मग माणसाला करायला काय उरतं? आणि शेवटी जोडलंय की मैत्रिणीच्या घरी दाराच्या चौकटीवर एक छोटी डबी पाहिली, आतला मजकूर छापून लावला तर काय बिघडतं? मी डबीपासून सुरुवात करतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या डबीतच आहे. शिवाय "छापलं तर काय बिघडतं" हे वाक्य आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, घरांतूनच इतकं ऐकू येतं की ते वाचून गप्प बसवत नाही.

छापील मेझुझा ही मेझुझाच नव्हे. डबीला काही महत्त्व नाही, लाकडी घ्या नाहीतर चांदीची. मेझुझा म्हणजे आतली गुंडाळी: खाण्यास मान्य असलेल्या जनावराच्या चामड्यावर हातानं लिहिलेले तोरातले, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांतले, दोन उतारे, 22 ओळी, 713 अक्षरं. चामडं चुन्यात भिजवून, केस काढून, चौकटीवर ताणून वाळवलेलं असतं. त्यावर आधी टोकदार हत्यारानं बिनशाईच्या रेघा ओढतात आणि अक्षरं आपल्या देवनागरीसारखी रेघेखाली लोंबतात. रेघा नसतील तर मेझुझा बाद. लेखणी सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या) परंपरेत बोरूची, अश्केनाझींकडे (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंकडे) पिसाची. शाईत मायफळ, डिंक आणि हिराकस. मायफळातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह मिळून काळा रंग धरतो. हिराकस जास्त पडली तर शाई काही वर्षांत तांबूस होते आणि तांबूस शाई चालत नाही. डिंक जास्त झाला तर अक्षर सुरेख चकाकतं, पण गुंडाळताना तडकतं.

तल्मूदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या प्राचीन संग्रहात, एक प्रसंग आहे. रब्बी मेईर हे लेखनिक, म्हणजे सोफेर. रब्बी यिश्माएल त्यांना बजावतात की बाळा, काम जपून कर, हे स्वर्गाचं काम आहे. एक अक्षर गाळलंस किंवा एक जास्त लिहिलंस तर सगळं जग उद्ध्वस्त करशील. त्यावर मेईर सांगतात, मी शाईत अमुक द्रव्य घालतो. ते द्रव्य म्हणजे बहुधा हिराकसच. जगाचा नाश आणि शाईची कृती एकाच संभाषणात येतात, आणि त्यात कुणालाच काही विसंगत वाटत नाही. कब्बाला समजून घ्यायची असेल तर माणसानं इथून सुरुवात करावी.

आता अक्षर जवळून पाहा. मेझुझा सुरू होते ती शेमानं, म्हणजे ईश्वर एक आहे असं सांगणाऱ्या मुख्य प्रार्थनेनं. शेमाच्या पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द 'एहाद', म्हणजे एक. त्याचं शेवटचं अक्षर दालेथ, आणि इथे ते मुद्दाम मोठं काढतात. दालेथ म्हणजे वर एक आडवी पट्टी, उजवीकडून खाली येणारा पाय, आणि दोन्ही मिळतात तिथे मागे बाहेर आलेली छोटी टाच. ही टाच गेली, कोपरा गोल झाला, की दालेथची रेश होते आणि शब्द होतो 'आहेर', म्हणजे दुसरा. ईश्वर एक आहे असं लिहायचं ते ईश्वर दुसरा आहे असं होऊन बसतं. मिद्राशमध्ये, म्हणजे रब्बींच्या जुन्या भाष्यांत, नेमकं हेच उदाहरण देऊन म्हटलंय की दालेथची रेश केलीस तर जग बुडवलंस.

आमच्या नात्यातल्या एका घरची मेझुझा तपासणीला उघडली तेव्हा हाच कोपरा गेलेला निघाला. शाईचा पापुद्रा उडाला होता, मोहरीच्या चतकोराएवढा. शंका आली की करायचं ते ठरलेलं आहे. अक्षरं ओळखणारं पण अर्थाचा अंदाज बांधू न शकणारं लहान मूल बोलवायचं, बाकीचा मजकूर झाकायचा आणि विचारायचं, हे कुठलं अक्षर? मूल म्हणालं, रेश. विषय संपला. घरमालक मात्र ऐकेनात. शाईचा एक ठिपका लावा, अर्थ तर बदलत नाही ना, कोण बघतंय. हा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून कारण इथेच सविस्तर लिहितो.

मेझुझातली अक्षरं क्रमानंच लिहिलेली असावी लागतात. पहिलं, मग दुसरं, मग तिसरं. त्या दालेथनंतर खालच्या 21 ओळी लिहून झालेल्या आहेत. आज तिथे टाच काढली, तर ती दालेथ शेवटच्या अक्षरानंतर लिहिली गेली, क्रम मोडला. तोराच्या मोठ्या गुंडाळीला हा क्रमाचा नियम नाही, तिथे चुकलेलं अक्षर नंतर दुरुस्त करता येतं. मेझुझा आणि तेफिलीनमध्ये (प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि कपाळाला बांधायच्या डब्यांतल्या गुंडाळ्यांत) तसं करता येत नाही. मुलानं 'दालेथ' म्हटलं असतं तर आकार शाबूत आहे असं धरून नुसती भर घालता आली असती.

दुसरा नियम याहून कडक आहे. अक्षर लिहून घडलं पाहिजे, खरवडून नव्हे. 'हे' या अक्षराचा डावा पाय वरच्या पट्टीला टेकता कामा नये. टेकला तर मधला सांधा ब्लेडनं खरवडून चालत नाही. अख्खा पाय काढून पुन्हा लिहायचा, तेही पुढचं अक्षर लिहायच्या आत. आणि हा 'हे' ईश्वराच्या चार अक्षरी नावातला असेल तर काहीच करता येत नाही, कारण ते नाव खोडायला मनाई आहे. मेझुझात ते नाव सात वेळा येतं, दर वेळी दोन 'हे'. सोफेर प्रत्येक शब्द तोंडानं उच्चारून मग लिहितो, आणि नावापाशी आला की थांबून, हे मी नावाच्या पावित्र्यासाठी लिहितोय, असं म्हणतो. ते म्हटलं नाही तर अक्षर कितीही सुबक असो, मेझुझा बाद, आणि कुठल्याही भिंगातून ते दिसत नाही. म्हणून सोफेर विश्वासाचा लागतो. हल्ली स्कॅन करून संगणकावर तपासतात. गळलेलं किंवा जास्तीचं अक्षर त्यात चटकन सापडतं. क्रम आणि हेतू सापडत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. 'सेफेर येत्सिरा' या छोट्याशा जुन्या ग्रंथात 22 अक्षरं आणि 10 सेफिरोथ (ईश्वरी शक्तीची रूपं) मिळून निर्मितीचे 32 मार्ग सांगितलेत. तीन माता अक्षरं आलेफ, मेम, शिन, म्हणजे वायू, जल, अग्नी. सात दुहेरी, बारा साधी. देवानं अक्षरांचं काय केलं ते सांगायला जी क्रियापदं येतात ती सगळी कारागिराची आहेत: कोरली, घडवली, तोलली, अदलाबदल केली, जुळवली. पुढे 1570 साली गालिलातल्या सफेद गावी आलेल्या कब्बालाचे गुरू इसहाक लुरियांनी दोन वर्षांत, 1572 मध्ये मृत्यू येईपर्यंत, जे शिकवलं ते शिष्य हाईम वितालनी लिहून ठेवलं. ईश्वरानं स्वतःला आकसून जागा केली, प्रकाश धरणारी पात्रं फुटली, ठिणग्या जगभर विखुरल्या. त्या उचलायच्या कुणी? माणसानं, रोजच्या आज्ञा पाळून. विश्व अर्धवट सोडलेलं आहे आणि उरलेलं काम हाताचं आहे. ध्यानाला बसून अक्षरांची 'स्पंदनं' घेण्याचे जे वर्ग चालतात त्यांचं मला काही कौतुक नाही. ज्याला दालेथ आणि रेश वेगळी काढता येत नाहीत, त्यानं सेफिरोथवर बोलू नये.

मेझुझा तावीज नाही, हेही स्पष्ट लिहितो. आत देवदूतांची नावं घालणाऱ्यांना ज्यू धर्मशास्त्रकार मायमोनिडीसनी 12व्या शतकातच झोडपलंय: आज्ञेचा यांनी स्वतःच्या फायद्याचा गंडा केला. पाठीमागे 'शद्दाय' हे ईश्वराचं एक नाव लिहितात तेवढं मान्य आहे. आमच्या कोकणातल्या पूर्वजांकडे ग्रंथ उरले नव्हते, पण शेमा तोंडपाठ होता आणि शनिवारी घाणा बंद असायचा, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. मेझुझाची पहिली ओळ त्या शेमाचीच. ती झेरॉक्सवर यावी हे मला बघवत नाही.

काही गोष्टी राहिल्या. तिरकी लावायची की उभी यावर मतभेद आहेत. अश्केनाझी तिरकी लावतात, सेफार्दी उभी. इतर बारीक बाबतींतही परंपरा वेगळ्या आहेत, तेव्हा आपल्या हझानला, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्याला, विचारा. तुम्ही ज्यू नसाल तर मेझुझा लावायचं तुमच्यावर बंधनच नाही, छापीलही नको. मैत्रिणीला मात्र एवढं सांगा: आत शिरताना उजव्या हाताला, दाराच्या वरच्या तिसऱ्या भागाच्या तळाशी, दार 210 सेंटीमीटर असेल तर जमिनीपासून 140 च्या जरा वर. गुंडाळी शेवटाकडून सुरुवातीकडे करायची, घडी घालायची नाही, उलटी लावायची नाही. घरच्या मेझुझा सात वर्षांत दोनदा तपासायच्या. पण मुंबई-कोकणच्या दमटपणात तेवढ्यावर राहू नका, दर वर्षी एलूल या हिब्रू महिन्यात, नव्याच्या सणाआधी (ज्यू नववर्षाआधी) उघडून बघा. तोवर पाऊस ओसरत आलेला असतो. बाहेरच्या दारावरची आधी काढा, कारण पाणी आणि ऊन तिलाच लागतं. रंगारी येणार असेल तर डबीवर हात फिरवायच्या आत ती उतरवून ठेवा, आणि परत लावताना डबीचं तोंड नीट बंद झालंय ना ते पाहा.